वाचकांचे प्रश्न : बॉम्ब, फोन आणि आपण

युद्ध आणि अण्वस्त्रं या विषयावर बरीच पत्रं साठली होती. त्यातली चार या वेळी घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी ठाण्यात वाढले, टेलिफोन खात्यात नोकरी केली, वाशीच्या एक्स्चेंजमधून निवृत्त झाले आणि आता नेरूळला राहते. उत्तरं त्याच नजरेतून आली आहेत.

ताई, आपल्याकडे अणुबॉम्ब आहे म्हणून शत्रू वचकून राहतो, असं लहानपणापासून ऐकत आलोय. मग पहलगाम का झालं? आणि झाल्यावर आपण चार दिवसांत थांबलो का? एकदाचं संपवून टाकायला काय हरकत होती?
– एक वाचक, ऐरोली

तुझा राग मला कळतो. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला जे २६ जण मारले गेले, त्यांत डोंबिवलीचे तिघं होते, पनवेलचे एक होते. आपल्याबरोबर लोकलने जाणारी-येणारी माणसं. त्या आठवड्यात राग आला नाही असं कुणी मला इथे भेटलं नाही.

पण अणुबॉम्ब नेमकं काय अडवतो, ते आधी बघ. समोरचा आपल्यावर अणुबॉम्ब टाकत नाही आणि आपला देशच पुसून टाकायला निघत नाही, एवढंच तो अडवतो. त्याच्या खालचं सगळं मैदान मोकळं राहतं. मे १९९८ मध्ये आपण पोखरणला चाचण्या केल्या, त्याच महिन्यात पाकिस्तानने चगाईला केल्या. पुढच्याच उन्हाळ्यात कारगिल झालं आणि आपले ५२७ जवान गेले. हे फक्त आपल्याच वाट्याला आलं असंही नाही. १९६९ मध्ये उसुरी नदीवर रशियन आणि चिनी सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते, तेव्हा बॉम्ब दोघांकडेही होता. ब्रिटनकडे बॉम्ब असताना अर्जेंटिनाने १९८२ मध्ये फॉकलंड बेटं घेतली. ग्लेन स्नायडर नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९६५ मध्येच लिहून ठेवलं होतं की मोठ्या युद्धाची भीती जितकी पक्की, तितकी लहान लढाई करायची हिंमत वाढते. पहलगाम त्या मोकळ्या मैदानात घडलं.

आता ‘संपवून टाकणं’. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचा जानेवारी २०२५ चा अंदाज असा आहे की आपल्याकडे सुमारे १८० अण्वस्त्रं आहेत आणि पाकिस्तानकडे सुमारे १७०. अण्वस्त्र आधी वापरणार नाही, पण आपल्यावर वापरलं तर प्रचंड प्रत्युत्तर देऊ, असं आपलं धोरण २००३ मध्ये जाहीर झालं. पाकिस्तानने असं वचन दिलेलं नाही. उलट ‘नस्र’ नावाचं ६० किलोमीटर पल्ल्याचं छोटं क्षेपणास्त्र त्यांनी खास आपलं सैन्य आत घुसलं तर वापरायला म्हणून तयार केलं. म्हणजे आपले रणगाडे आत गेले, त्यांनी नस्र टाकलं, आणि आपण दिल्या शब्दाला जागलो, तर त्यानंतर थांबायची जागा कुठे आहे ते मला कुणी दाखवलेलं नाही.

हिरोशिमावरचा बॉम्ब सुमारे १५ किलोटनचा होता. आजच्या मानाने लहानच. त्याने दोनेक किलोमीटरच्या परिघात जवळजवळ सगळं जमीनदोस्त केलं आणि १९४५ संपेपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं गेली. ठाणे स्टेशन मध्यावर धरून दोन किलोमीटरचं वर्तुळ काढ. नौपाडा, कोपरी, चेंदणी, जांभळी नाका, तलावपाळी सगळं आत येतं. माझं माहेर, माझी शाळा, माझ्या भावाचं दुकान आत येतं. बदला म्हणून दुसऱ्या कुठल्या शहरावर असंच वर्तुळ काढलं, तर आपल्या वर्तुळातलं एकही माणूस परत येणार नाही.

चार दिवसांत का थांबलो, याचं उत्तर माझ्या नोकरीच्या भाषेत देते. लाइन चालू होती म्हणून. १० मे २०२५ ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांनी आपल्या महासंचालकांना फोन केला आणि संध्याकाळी ५ पासून गोळीबार थांबवायचं ठरलं, असं आपल्या परराष्ट्र सचिवांनी जाहीर केलं. त्यामागे कुणाचा किती दबाव होता यावर भांडणं चालू राहतील. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडत असताना, व्यापार बंद, सीमा बंद, सिंधू करार स्थगित असताना, ती एक लाइन कुणी कापली नव्हती.

अशी लाइन नसली की काय होतं ते १९६२ च्या क्युबा पेचात दिसलं, म्हणजे क्युबात ठेवलेल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि रशिया भिडायला आले तेव्हा. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचं लांबलचक पत्र मॉस्कोतून निघून वॉशिंग्टनला वाचलं जाईपर्यंत बारा तासांच्या आसपास गेले. वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत राजदूताची तार न्यायला तार कंपनीचा पोरगा सायकलवरून यायचा. जग जळायच्या बेतात आणि निरोप सायकलवर! पुढच्या वर्षी, २० जून १९६३ ला, दोघांनी जिनिव्हात थेट लाइनचा करार केला. सिनेमात दाखवतात तसा तो लाल फोन नव्हता, टेलिप्रिंटर होता. लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी अशी केबल. बोलण्यात आवाज चढतो, शब्द निसटतो, दुभाषा चुकतो, म्हणून लेखीच ठेवलं. आम्ही ट्रंक कॉलच्या कामावर असताना ‘लाइटनिंग’ म्हणजे सगळ्यात तातडीचा कॉल लावायचो, तेव्हा दोन्ही टोकांना माणसं घाबरलेली असत आणि ‘हॅलो, हॅलो’मध्येच अर्धा वेळ जायचा. म्हणून या माणसांनी किती विचार केला होता ते मला फार जाणवतं.

आणि लाइन नुसती असून भागत नाही, ती खरं बोलायला हवी. ३ जून १९८० ची गोष्ट. अमेरिकेच्या क्षेपणास्त्र-इशारा केंद्रातून निघणाऱ्या लाइन चालू आहेत का हे तपासायला सतत एक चाचणी-संदेश जात असे. त्यात ‘किती क्षेपणास्त्रं येत आहेत’ या रकान्यात शून्यं भरलेली असत. संदेश पाठवणाऱ्या यंत्रातली ४६ सेंटची एक चिप बिघडली आणि शून्यांच्या जागी मधूनमधून २ उमटू लागले. कधी दोन, कधी दोनशे वीस. बॉम्बर विमानांनी इंजिनं सुरू केली. रडार आणि उपग्रहांवर काहीच दिसत नाही हे पाहून माणसांनी ते थांबवलं. लाइन तपासायच्या संदेशाला खऱ्या इशाऱ्याचाच साचा वापरायचा, हे कुठल्याही एक्स्चेंजमधल्या माणसाला अंगावर काटा आणणारं आहे. पुढे तो साचा बदलला.

त्यांच्याकडे विचार करायला अर्धा तास होता. कराचीहून मुंबईचं हवाई अंतर नऊशे किलोमीटरही नाही, आणि एवढ्या अंतराला क्षेपणास्त्राला लागतात दहाएक मिनिटं. ९ मार्च २०२२ ला आपलं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यावर स्फोटकं नव्हती, कुणी दगावलं नाही, त्यांनी उलट काही डागलं नाही. आपलं अधिकृत निवेदन दोन दिवसांनी आलं. पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं. शिक्षा झाली हे योग्यच झालं, पण माझ्या मते त्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत फोन जायला हवा होता. शांततेच्या दिवसात ते पचलं. हेच १० मेच्या पहाटे झालं असतं तर?

म्हणून तुला सांगते, चार दिवसांत थांबणं म्हणजे घाबरणं असं मी मानत नाही. आपण अतिरेक्यांचे अड्डे फोडले, त्यांच्या हवाई तळांवर मारा केला आणि वेळेवर थांबलोही. तीनही गोष्टींना सारखीच हिंमत लागते.

वाशीच्या खाडीवरून पलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर आणि भाभा अणुसंशोधन केंद्र दिसतं. माझी दहा वर्षांची मुलगी विचारते, ‘युद्ध झालं तर पहिला बॉम्ब इथेच पडणार ना?’ तिला काय सांगू?
– एक आई, वाशी

खरं तेच सांगा, दहा वर्षांच्या मुलीला पेलेल इतपत. आणि या खऱ्यात एक चांगली बातमी आहे, जी पुष्कळ मोठ्यांनाही ठाऊक नसते. ३१ डिसेंबर १९८८ ला भारत-पाकिस्तानने करार केला की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. वीज बनवणारी केंद्रं, संशोधनाच्या अणुभट्ट्या, इंधनाचे कारखाने सगळं त्यात येतं. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतर दिली, संसदेवरच्या हल्ल्यानंतर दिली, २६/११ नंतर अवघ्या सव्वा महिन्यात दिली, ऑपरेशन सिंदूरनंतरही दिली. यादी आपल्याला वाचायला मिळत नाही, पण ट्रॉम्बेसारखी जागा त्या व्याख्येत बसते. दर नव्या वर्षी वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची बातमी असते. या वेळी आली की कापून मुलीला दाखवा.

यामुळे आपण शंभर टक्के सुरक्षित झालो असं मात्र सांगू नका. ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षण सरावाच्या यादीत मुंबई आणि तारापूरबरोबर उरण वरच्या गटात होतं, ठाणंही यादीत होतं. बंदर, तेल, वायू, वीज जिथे असते तिथे साध्या युद्धाचीही झळ पोचते. १९७१ च्या ब्लॅकआउटमध्ये आई खिडक्यांना काळा कागद चिकटवायची आणि गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला असायचा, ते मला आठवतं. ड्रोनच्या काळात काळ्या कागदाने विमानाइतकी फसगत होत नसेल, पण भोंगा चढता-उतरता वाजला तर धोका आणि एकसारखा वाजला तर धोका टळला, हे मुलीला यायलाच हवं. सोसायटीच्या जिन्यातली सायकली-कुंड्यांची अडगळ काढायला तिलाच पुढाकार घेऊ द्या. आग, भूकंप, बॉम्ब, कशातही तो जिना लागतो. खुद्द अणुबॉम्बसाठी मात्र कुठलाही सराव पुरणार नाही. हिरोशिमात डॉक्टर आणि परिचारिकाच बहुसंख्येने मेल्या किंवा जखमी झाल्या होत्या. तो पडू न देणं एवढाच उपाय, आणि तो मोठ्या माणसांच्या हातात आहे, हे तिला नक्की सांगा.

युक्रेनने अण्वस्त्रं देऊन टाकली आणि मार खाल्ला. तरी तुम्ही शांततावादी मंडळी निःशस्त्रीकरणाच्या गप्पा कशा मारता?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, नौपाडा, ठाणे

आपण एकट्याने बॉम्ब खाली ठेवावा असं मी म्हणत नाही. युक्रेनकडे सोव्हिएत काळातली सुमारे १,९०० लांब पल्ल्याची अण्वस्त्रं होती, पण डागण्याचे संकेत मॉस्कोच्या हातात होते. ती सोडण्याच्या बदल्यात ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टमध्ये त्यांना रशिया, अमेरिका आणि ब्रिटनकडून सीमांचा मान राखण्याचं आश्वासन मिळालं, रक्षणाची हमी मिळाली नाही. २०१४ आणि २०२२ मध्ये रशियाने त्या आश्वासनाचं काय केलं ते आपण पाहिलं. त्यातून जगाने चुकीचा धडा घेतला याचं मला दुःख आहे.

पण तीच लढाई पुढे वाचा. रशियाकडे पाच हजारांवर अण्वस्त्रं आहेत, तरी ऑगस्ट २०२४ मध्ये युक्रेनचं सैन्य रशियाच्या कुर्स्कमध्ये शिरलं. १ जून २०२५ ला ट्रकमधून सोडलेल्या स्वस्त ड्रोननी रशियाच्या आत खोलवर, अण्वस्त्रं वाहून नेऊ शकणारी बॉम्बर विमानं जाळली. बॉम्बने ना रशियाला विजय दिला, ना विमानं वाचवली. आणि अशा हल्ल्यात समोरच्याला वाटलं की आपली अण्वस्त्रंच नष्ट केली जाताहेत, तर तो ‘आत्ताच वापरा, नाहीतर जातील’ असं म्हणेल, ही भीती मला सगळ्यात मोठी वाटते.

तुम्ही टेलिफोनमधल्या. ना सैन्यात होतात, ना परराष्ट्र खात्यात. या विषयावर सामान्य माणसाने मत देऊन काय उपयोग?
– एक वाचक, कल्याण

अण्वस्त्र वापरायचा निर्णय आपल्याकडे ज्या राजकीय परिषदेच्या हातात आहे, तिचे अध्यक्ष पंतप्रधान असतात. म्हणजे ती किल्ली आपण मतदान करून कुणाच्या तरी हातात देतो. मत द्यायचा अधिकार मला तिथून मिळतो.

उपयोगाचं म्हणाल तर ८ मे २०२५ ची रात्र आठवा. आपल्या काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं ठणकावून सांगितलं. तसं काहीही झालेलं नव्हतं. माझ्या फोनवर तो व्हिडिओ नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून, मंडळाच्या ग्रुपवरून येत राहिला, वर फटाक्यांची चित्रं. तेच चित्र सीमेपलीकडच्या कुठल्यातरी अधिकाऱ्याच्या पडद्यावरही गेलं असणार, आणि खरं-खोटं ठरवायला त्याच्याकडेही दहाच मिनिटं होती. त्या रात्री तो व्हिडिओ पुढे न पाठवणारा प्रत्येक माणूस कामाचा होता.

आणि मतं मागायला येणाऱ्यांना पाण्याचं, रस्त्याचं विचारता तसं हेही विचारा : अण्वस्त्र आधी वापरणार नाही हे वचन तुमचा पक्ष पाळणार का? पाकिस्तानशी सगळं बोलणं बंद असलं तरी लष्कराची ती लाइन आणि १ जानेवारीची यादी चालू ठेवणार का? चुकून क्षेपणास्त्र सुटलं तर किती मिनिटांत कळवायचं, हा नियम करून घेणार का?