धुक्यात संपणारे पाय

समुपदेशक म्हणून चित्रकलेच्या विद्यार्थ्यांकडून एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, समोरची व्यक्ती ते सुरू करते तेव्हाच मला त्याचा शेवट कळतो : "माझं स्वतःचं असं काहीच नाही, मी जे काढते ते आधीच कुणीतरी काढून ठेवलेलं असतं." पालक हीच गोष्ट निराळ्या शब्दांत सांगतात. मूल रात्रभर जागते, काढलेले पुसते, सबमिशनच्या दिवशी पोट दुखते म्हणून कॉलेजला जात नाही, आणि हा आळस आहे की मोबाइलचा नाद आहे, एवढेच त्यांना माझ्याकडून जाणून घ्यायचे असते. बहुतेक वेळा तो या दोन्हींपैकी काहीच नसतो. तो काय असतो, हे एका विद्यार्थिनीच्या अनुभवावरून सांगते. तिच्या लेखी संमतीने लिहीत आहे आणि तिची ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

ती उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला होती. घर पेण तालुक्यात, घरी गणपतीचा कारखाना, आणि शिक्षणासाठी मुक्काम पुण्यातल्या वसतिगृहात. त्या सत्रात वर्गाला एक मूळ पात्र घडवायचे होते : पात्राचे मुख्य चित्र, ते समोरून, बाजूने आणि मागून कसे दिसते याचे पान, भावमुद्रांचे पान, आणि ते जिथे वावरते त्या जागेचे मोठे रंगीत चित्र. आठ आठवड्यांची मुदत होती. ती माझ्याकडे आली तेव्हा पाच आठवडे संपले होते, तिच्या टॅबमध्ये अर्धवट सोडलेली साठेक चित्रे होती आणि पूर्ण झालेले एकही नव्हते.

दुसऱ्या भेटीत तिने जरा संकोचाने सांगितले की, चित्र थोडे जमू लागले की ती त्याचा फोटो काढून इंटरनेटवर त्याच्यासारखी चित्रे शोधते. केसांची ठेवण, पट्ट्याचे बक्कल, खांद्यावरच्या झग्याची घडी, यांपैकी एखादी गोष्ट कुठल्यातरी जपानी शैलीच्या चित्रात सापडली की तिचे चित्र बाद होई. काही सापडले नाही, तर आपण नीट शोधले नाही असे वाटून ती मैत्रिणीला विचारी, मग सरांना विचारी, आणि "नाही गं, तुझंच वाटतंय" असे कुणी म्हटले की तिला जेमतेम अर्धा तास बरे वाटे. एका संध्याकाळचा हिशेब आम्ही कागदावर मांडला, तर चाळीस मिनिटे चित्र काढण्यात आणि जवळजवळ तीन तास शोधण्यात गेले होते.

खातरजमेची ही सवय समुपदेशकांच्या चांगल्या परिचयाची आहे. गॅस बंद केला का, हे पुनःपुन्हा पाहणाऱ्या माणसाचे जे होते तेच इथेही होते : प्रत्येक वेळी पाहिल्यावर भीती क्षणभर उतरते आणि त्यामुळेच पुढच्या वेळी पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून हात धुणे, मोजणे, लावलेले कुलूप पुन्हा पाहणे असे इतर काही आहे का, झोप आणि भूक कशी आहे, जगणे नकोसे वाटते का, हे सारे मी सुरुवातीलाच विचारून घेतले. तसे काही असते तर मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले असते. तिची सगळी चिंता या एकाच जागी साचली होती.

याच भेटीत ती म्हणाली, "आमच्या घरात सगळं साच्यातनं निघतं, मॅडम. मीपण साच्यातलीच." समुपदेशकाच्या हाती अशी आयती उपमा आली की मोह आवरत नाही, आणि मला तो आवरला नाही. साचा एकच असला तरी मूर्तीचे डोळे हातानेच आखावे लागतात, तेव्हा तुझ्या काकांच्या हातचे डोळे प्रत्येक मूर्तीत थोडे वेगळे होत असतील ना, असे मी तिला मोठ्या उत्साहाने विचारले. तिने माझ्याकडे शांतपणे पाहिले. "नाही मॅडम. काकांची आखणी चांगली म्हणतात, कारण शंभर मूर्तींचे डोळे सारखेच येतात."

दुसरी चूक मी त्यानंतरच्या भेटीत केली. तिच्या सरांनी तिला "आपल्या मातीतलं काहीतरी काढ" असे सांगितले होते आणि त्यानंतर तिचे काम पुरतेच थांबले होते. हे ठाऊक असूनही मी साधारण तोच सल्ला गोड शब्दांत दिला. तेव्हा ती पहिल्यांदा चिडली. "म्हणजे मी कोकणातली म्हणून नारळाची झाडं काढायची, आणि पुण्यामुंबईच्या मुलांनी ड्रॅगन काढायचे?" तिचे म्हणणे मला अगदी रास्त वाटले. लहान गावातून आलेल्या विद्यार्थ्याला 'माती' दाखवणारा सल्ला सद्हेतूने दिलेला असतो, पण त्यातून त्याच्या कल्पनाशक्तीला कुंपण पडते, आणि तू जसा आहेस तसा आम्हाला विकून दाखव, असा काहीसा अपमानही त्यात मुलांना जाणवतो. हा सल्ला मी त्या दिवसापासून कुणालाही दिलेला नाही.

मग आम्ही दोन कामे ठरवली. पहिले खातरजमेचे. शोधावेसे वाटले की वेळ आणि अस्वस्थता शून्य ते दहाच्या मापात वहीत लिहायची, आणि शोधायचे ते रात्री नऊ ते सव्वानऊ याच वेळात, त्या दिवसाचे काम बंद करून. मैत्रिणीला आणि सरांना "माझं वाटतंय का?" हा प्रश्न विचारायचा नाही. तिसऱ्या दिवशी तिने नियम मोडला, पाचव्या दिवशी पुन्हा मोडला. पण वहीतल्या नोंदींवरून तिचे तिलाच दिसले की, न शोधता थांबले तर आठवर गेलेली अस्वस्थता वीसपंचवीस मिनिटांत तीनचारवर येते. हे मी सांगून तिला पटले नसते. कायद्याचीही एक भीती तिच्या मनात होती, म्हणून ढोबळ माहिती दिली की, 1957 च्या प्रताधिकार कायद्याचे संरक्षण कल्पनेला नसते, तिच्या प्रत्यक्ष आविष्काराला असते, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हेच स्पष्ट केले आहे. तिच्या चित्रांत असे तशी भाला घेतलेली, झगा पांघरलेली मुलगी ही कुणा एकाची मालमत्ता असू शकत नाही.

दुसरे काम चित्राचे होते आणि त्यात मी अडाणी. मला चित्रकला येत नाही. पण ती साठ चित्रे एकापाठोपाठ एक पाहताना एक गोष्ट माझ्यासारखीलाही दिसली : त्यांतल्या एकाही मुलीला पाय नव्हते. गुडघ्यांपर्यंत सगळे बारकाईने काढलेले आणि त्याखाली धुके, ढग, धूळ किंवा नुसताच करडा रंग. मी ते बोलून दाखवले तेव्हा ती हसली आणि म्हणाली की, पाय काढले की जमीन काढावी लागते, जमीन काढली की ती कुठली हे ठरवावे लागते, आणि तिथेच तर सगळे अडते.

म्हणून आम्ही 'मूळ' हा शब्दच काही काळ बाजूला ठेवला. त्याऐवजी मी तिला एक साधा प्रश्न घरी नेण्यासाठी दिला : तुझ्या या मुलीच्या हातात भाला आहे, ज्या दिवशी शत्रू येत नाही त्या दिवशी ती त्या भाल्याचे काय करते?

पुढच्या आठवड्यात ती उत्तर घेऊन आली. भाला नाही, काठी आहे, आणि ती काठी बांधात खुपसून पाहण्यासाठी आहे. पेणचा पश्चिमेकडचा भाग खारेपाटाचा आहे. तिथे खाडीचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले असतात आणि पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी त्या बांधांत उघाड्या ठेवलेल्या असतात. खेकड्यांच्या बिळांतून पाणी झिरपू लागले आणि ते वेळीच बुजवले नाही, तर उधाणाच्या भरतीत बांधाला खांड जाते. एकदा खारे पाणी शेतात फिरले की पुढची काही वर्षे त्या जमिनीत धड पीक येत नाही. तिची मुलगी बांधावरून चालते, काठीने भुसभुशीत जागा शोधते आणि चिखलाचे गोळे दाबून बिळे बुजवते. शत्रू आहेच, तो महिन्यातून दोनदा, अमावास्येला आणि पौर्णिमेला, ठरल्या वेळी येतो.

हे सुचल्यावर पुढचे निर्णय भराभर होत गेले, आणि मला या साऱ्यात सर्वांत रस वाटला तो इथेच. आजीने तिला लहानपणी शिकवले होते की, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेची पंधरावी तिथी धरली तर सव्वाअकरा, म्हणजे मोठी भरती मध्यरात्रीच्या सुमारास. याचा अर्थ चित्रातला प्रकाश आता तिच्या लहरीवर उरला नाही. प्रसंग पौर्णिमेचा असेल तर चंद्र वर चढलेला असणार आणि संध्याकाळसारखी लांबलचक सावली पडणार नाही. अमावास्येचा असेल तर कंदिलाखेरीज उजेड नाही आणि बांधाचा हातभर तुकडाच दिसणार. तिने अमावास्या निवडली, कारण पौर्णिमेचे चांदणे तिला "कॅलेंडरसारखं" वाटले. आधी जांभळा की निळा यावर ती दोन दोन दिवस घालवत असे. आता कंदिलाचा उजेड ओल्या चिखलावर कसा पडतो हे पाहण्यासाठी तिने वसतिगृहाच्या गच्चीवर परातभर माती कालवली आणि वॉर्डनची बोलणीही खाल्ली.

झग्याचेही असेच झाले. बांधावर पावसात झगा कोण घालील? तिने आधी रेनकोट काढून पाहिला, तो तिला आवडला नाही, आणि मग तिला इरले आठवले : बांबूच्या कामट्यांवर पाने बसवून केलेले, डोक्यापासून पाठीवर उतरणारे, वाकून लावणी करताना दोन्ही हात मोकळे ठेवणारे. पात्र नुसते काळ्या रंगाने भरले तरी ओळखू यावे, अशी त्यांच्या वर्गात एक कसोटी असते. झग्याची मुलगी त्या कसोटीत वर्गातल्या इतर दहा मुलींसारखी दिसत होती, आणि इरल्याची मुलगी मागून पाठीवर होडी उपडी घालून निघालेल्या माणसासारखी दिसू लागली.

इथे कुणी म्हणेल की, शेवटी ती मातीकडेच वळली, म्हणजे सरांचे खरे ठरले. मला तसे वाटत नाही. तिला कुणी खारेपाट काढायला सांगितला असता तर तिने सहलीच्या भित्तिपत्रकावरचा खारेपाट काढला असता. ती तिथवर पोहोचली ती काठीचा उपयोग शोधत, आणि तो शोध तिला भलतीकडेही नेऊ शकला असता. हाच प्रश्न मी नंतर मुंबईतल्या एका मुलाला विचारला, तेव्हा त्याचा पंखांचा योद्धा चाळीतल्या गच्चीवर कबुतरे पाळणारा, गुडघे दुखणारा म्हातारा झाला. शिवाय तिच्या मुलीचे डोळे अखेरपर्यंत जपानी चित्रांतल्यासारखे मोठेच राहिले. "हे कुणासारखे तरी आहेत," असे तिने स्वतःच वहीत लिहिले होते आणि पुढे लिहिले होते, "असू देत."

सबमिशनला भावमुद्रांचे पान अपुरेच गेले. ज्युरीला पात्र आवडले, रंग मात्र गढूळ वाटले, आणि गुण मध्यम मिळाले. ते ऐकून ती एक दिवस रडली. त्या आठवड्याच्या वहीत शोधाच्या नोंदी पुन्हा वाढलेल्या होत्या, आणि त्या वाढतील हे आम्ही आधीच बोलून ठेवले होते.

शेवटच्या भेटीला ती गावाहून परत येऊन थेट माझ्याकडे आली होती. मोठे चित्र तिने घरी नेऊन काकांना दाखवले होते. चित्रात उधाणाचे पाणी बांधाला भिडले आहे, मुलगी कंदील धरून उघाडीपाशी वाकली आहे आणि उघाडीची झडप अर्धी उघडी आहे. काकांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले. पात्र छान आहे की नाही, ते कुणासारखे आहे, यावर ते काहीच बोलले नाहीत. "अगं बाय, भरतीचं पाणी बाहेरनं रेटतंय आणि तुझी झडप उघडी? मग शेत गेलं की." झडप खाडीच्या बाजूला उघडते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने ती बाहेर ढकलली जाते आणि भरतीचे पाणीच तिला दाबून बंद करते, हे त्यांनी तिला कारखान्यातल्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने करून दाखवले.

हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो तिच्या कुठल्याही चित्राविषयी बोलताना मी पाहिला नव्हता. इतक्या महिन्यांत तिचे चित्र कधी नक्कल ठरले होते, कधी तिचे स्वतःचे. ते चुकले असे मात्र पहिल्यांदाच कुणीतरी म्हटले होते. बिजागरी कुठल्या बाजूला घ्यायची हे तिने पिशवीतून टॅब काढून मला दाखवले, आणि बोलता बोलताच ती जुनी झडप पुसू लागली.