घोड्याच्या केसांची तार

प्रश्न : एका संगीत महोत्सवात मंगोलियाच्या कलावंतांनी वाजवलेले, दांडीच्या टोकाला घोड्याचे मुख कोरलेले दोन तारांचे वाद्य ऐकले. आवाज सारंगीच्या जवळचा, तरी काहीसा घोगरा वाटला. हे वाद्य कोणते? सारंगीशी त्याचे नाते आहे काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण ऐकलेत ते मोरिन खूर, म्हणजे मंगोल पशुपालकांचे घोडामुखी गजवाद्य (गज म्हणजे तारांवर घासून स्वर काढायची, केस ताणलेली काठी). आपल्याला जाणवलेला घोगरेपणा हा त्याचा दोष नसून तेच त्याचे वैशिष्ट्य आहे, आणि त्याचे कारण तारांमध्ये आहे. या तारा धातूच्या किंवा तातीच्या (जनावराच्या आतड्याच्या) नसून घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या असतात. परंपरेप्रमाणे खर्जातल्या जाड तारेसाठी घोड्याचे सुमारे 130 केस आणि बारीक तारेसाठी घोडीचे सुमारे 105 केस घेतात. ते पीळ न देता नुसते शेजारी शेजारी ताणलेले असल्यामुळे गज फिरला की एका तारेतून जणू शंभर केस बोलतात. (आता पुष्कळ वादक नायलॉनच्या तारा लावतात.) गजालाही घोड्याचेच केस असतात आणि त्यांचा ताण वादक वाजवता वाजवता बोटांनी कमीजास्त करतो. तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याला आपण मराठीत घोडीच म्हणतो, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही.

सारंगीशी याचे थेट नाते सांगता येणार नाही, पण साम्य खरे आहे. दोन्ही वाद्यांत तार दांडीवर दाबत नाहीत. सारंगीये नखाच्या मुळाशी असलेली त्वचा तारेला बाजूने भिडवतात. मोरिन खूरचे वादकही काही बोटांचे नख तसेच बाजूने टेकवतात, म्हणून स्वर तुटक न निघता गळ्यातून आल्यासारखा घसरत जातो. मात्र सारंगीच्या पोटात जी तीस-पस्तीस तरफेच्या, म्हणजे मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या, तारांची गुंज असते, ती इथे नाही. मोरिन खूरची पेटी वरच्या बाजूस काहीशी अरुंद असते. पूर्वी तिच्यावर कातडे मढवत, विसाव्या शतकात त्याच्या जागी लाकडी फळी आली आणि आवाज मोठ्या सभागृहाला पुरेसा झाला.

या वाद्याचे खरे घर मात्र सभागृह नव्हे. गोबी वाळवंटात एखादी उंटीण आपल्या पिल्लाला जवळ घेईना, किंवा पोरके पिल्लू दुसरीच्या हवाली करायचे असले, की पहाटे किंवा तिन्हीसांजेला तिला पिल्लाजवळ बांधतात. मग मोरिन खूरच्या किंवा बासरीच्या साथीने एकच बोल पुन्हा पुन्हा, संथपणे गातात. आरंभी ती लाथा झाडते, दात दाखवते. तिचा रागरंग पाहून गाणारी व्यक्ती चाल बदलत राहते. अखेर ती पिल्लाला पिऊ देते, आणि त्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहते, असे पशुपालक सांगतात. युनेस्कोने मोरिन खूरचे संगीत 2008 साली मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. उंटिणीला मनवण्याचा हा विधी मात्र 2015 साली तातडीने जपण्याच्या यादीत नोंदवावा लागला, कारण उंट पाळणारी कुटुंबे शहरांकडे जात आहेत आणि जिच्यासाठी गायचे ती उंटीणच दारी उरलेली नाही.