माकडतापापासून विषाणूशास्त्राकडे

प्रश्न : आम्ही दोडामार्ग तालुक्यात राहतो. मुलगी बारावी सायन्सला आहे. गावात माकडतापाची साथ आली तेव्हापासून 'मला व्हायरसवर संशोधन करायचंय' हेच तिचं चाललंय. पण नीटला एमबीबीएसपुरते मार्क पडतील असं वाटत नाही. हा नाद सोड म्हणून सांगू का? – एक पालक

उत्तर : मुळीच सांगू नका. एमबीबीएस हुकलं की विषाणूशास्त्रही हुकलं, असं नसतं. तुमच्या माकडतापाचंच घ्या. 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि आसपासची माणसंही तापानं फणफणली. पुण्याच्या संशोधन केंद्रातल्या मंडळींनी तिथून नमुने आणून नवा विषाणू शोधला. तेच केंद्र म्हणजे आजची एनआयव्ही, राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. अशा कामात मेलेलं माकड उघडून बघणारा पशुवैद्यक लागतो, हा ताप पसरवणाऱ्या गोचिडींची जात ओळखणारा कीटकशास्त्रज्ञ लागतो. पांढरं फडकं पाचोळ्यावरून ओढत न्यायचं आणि त्याला चिकटलेली, तिळाहून बारीक गोचिडींची पिल्लं चिमट्यानं वेचायची, हेही विषाणूशास्त्रच. कोट घालून काचेच्या नळ्या हलवणं एवढंच मुलांना टीव्हीवर दिसतं.

वाटा दोन. सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा बायोटेकमध्ये बीएस्सी करून एनआयव्हीतच विषाणूशास्त्राची दोन वर्षांची एमएस्सी करता येते. ती पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे. प्रवेश परीक्षा असते आणि जागा मोजक्या, त्यामुळे इतर विद्यापीठांचेही फॉर्म भरायचे. दुसरी वाट पशुवैद्यकीय पदवीची. तिचा प्रवेशही नीटच्याच गुणांवर होतो, हे पालकांच्या लक्षातच येत नाही. निपाह विषाणू वटवाघळांतून येतो, माकडताप गोचिडींतून. त्यामुळे जनावरं कळणाऱ्या माणसाची इथे गरज आहे. मला स्वतःला ही वाट जास्त भरवशाची वाटते, कारण संशोधन नाही जमलं तरी हातात व्यवसाय राहतो.

आता पैशाचं. एमएस्सीनंतर पीएचडीत पाच-सहा वर्षं सहज जातात. नेट-जेआरएफ ही परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये आणि घरभाडं, नाही मिळाली तर ओढाताण. पीएचडीनंतरही बऱ्याच जागा प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात. भाऊबंदांची मुलं तोवर गाडी घेतील, हे घरात आत्ताच बोलून घ्या.

आणि एक, तिचा गणित विषय सुटू देऊ नका. विषाणूचा जनुकीय क्रम वाचायचा तर संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटर लागतोच, आणि बायोलॉजीवाली मुलं नेमकी तिथेच अडतात.