जुन्या फोर बाय फोर गाडीचा एबीएसचा दिवा सेन्सर बदलूनही विझत नाहीये, आता मॉड्यूल बदलायचं का?

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आणि मॉड्यूल म्हणजे ती चालवणारं कंट्रोल युनिट. त्या मॉड्यूलला अजून हात लावू नका. तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. तुम्ही लिहिलंय की चावी फिरवली की दिवा लागतो, दोन-तीन सेकंदांत विझतो, गाडी थोडी पुढे गेली की परत लागतो आणि मग गाडी बंद करेपर्यंत जात नाही. शिवाय दिवा लागायच्या आधी हळू येऊन थांबलात तर शेवटच्या क्षणी ब्रेकचं पॅडल पायाखाली थरथरतं. पुढच्या डाव्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर नवा टाकून झाला, कोड पुसून झाला, तरी तेच, आणि आता मेकॅनिक म्हणतोय मॉड्यूल गेलं.

आता बघा, चावी फिरवल्यावर जे दोन-तीन सेकंद जातात त्यात मॉड्यूल स्वतःला तपासतं, आतले व्हॉल्व्ह, रिले, सेन्सरची वायर सलग आहे का वगैरे, आणि सगळं पटलं तरच दिवा विझवतं. म्हणजे तुमच्याकडे फ्यूज उडालेला नाही, मॉड्यूल मेलेलं नाही आणि वायर पूर्ण तुटलेलीही नाही, नाहीतर दिवा विझलाच नसता. तक्रार सुरू होते ती चाकं फिरायला लागल्यावर. याला एकच अपवाद लक्षात ठेवा, बऱ्याच गाड्यांत १०-२० किमी वेगाला मॉड्यूल पंपाची मोटर क्षणभर फिरवून बघतं, बॉनेटखालून बारीक घर्र ऐकू येतं. दिवा बरोबर त्याच क्षणी लागत असेल तर पंप, त्याचा रिले आणि त्याची अर्थिंग बघायची, चाकांकडे जायचंच नाही. पण तुमचं पॅडल थरथरतंय, त्यामुळे माझा संशय चाकावरच आहे.

ते पॅडल का थरथरतं ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. जुन्या गाड्यांतला सेन्सर म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली वायर, समोरून दात्यांची रिंग फिरते, दाता गेला की बारीकसा करंट तयार होतो. चाक जेवढं हळू तेवढा सिग्नल कमजोर, आणि साधारण ५ किमीच्या खाली तो चांगल्या गाडीतही मॉड्यूलला धड दिसत नाही. आता एका चाकाचा सिग्नल आधीच अशक्त असेल तर तो बाकीच्या तिघांच्या आधी गायब होतो. बाकी तीन चाकं म्हणतायत ८ किमी, हे एक म्हणतंय शून्य. मॉड्यूलला वाटतं हे चाक लॉक झालं, ते लगेच त्या चाकाचं प्रेशर सोडतं, आणि तुमच्या पायाला टरटर जाणवतं. गाडीचं काही चुकत नाहीये, तिला खोटी माहिती मिळतेय एवढंच.

म्हणून पहिलं काम, लाइव्ह डेटा, म्हणजे गाडी चालताना प्रत्येक चाकाचा वेग, दाखवणारा स्कॅनर मिळवा. साधा स्वस्तातला कोड रीडर फक्त इंजिनचे कोड वाचतो, एबीएसचे कोड सी अक्षराने सुरू होतात आणि ते वाचायला एबीएसपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो. (गाडी स्कॅनर जोडता येण्याआधीच्या काळातली असेल तर डायग्नोसिस कनेक्टरच्या दोन पिना जोडून दिव्याची उघडझाप मोजून कोड काढतात, कोणत्या पिना ते मॅन्युअलमधूनच घ्या, अंदाजाने वायर घालू नका.) शेजारी कोणालातरी बसवा, मोकळ्या जागेत गाडी हळूहळू थांबवा आणि त्याला चारही चाकांचे आकडे बघायला सांगा. जे चाक सगळ्यात आधी शून्यावर पडतं ते तुमचं चाक. आणि ते पुढचं डावं असेलच असं धरून चालू नका, कोड जुना राहिलेला असू शकतो.

कोडबद्दल एक गोष्ट बरेच मेकॅनिक सोडून देतात. सी००३५ सारखा कोड म्हणतो की पुढच्या डाव्या चाकाच्या सर्किटमधून येणारं काही पटत नाही. सर्किटमध्ये सेन्सर आला, रिंग आली, दोघांमधली फट आली, वायर आली, कप्लर (वायरीचा जोड) आला, मॉड्यूलची पिन आली. त्यातला बदलायला सगळ्यात सोपा आणि विकायला सगळ्यात सोयीचा सेन्सर, म्हणून तो आधी बदलला जातो. जुन्या गाड्यांत माझ्या बघण्यात जास्त वेळा गंज आणि वायरच निघालीय.

आता चाक काढा. सपाट जागा, उरलेल्या चाकांना ओट, नुसत्या जॅकवर नाही तर स्टँडवर. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) दोन्ही न्यूट्रल, नाहीतर फुल टाइम फोर व्हीलमध्ये एकटं चाक हाताने मोकळं फिरत नाही. आधी बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) बघा, चाक वर-खाली धरून हलवायचं, खुळखुळत असेल तर फट सतत बदलत राहणार आणि मग सेन्सर सोन्याचा घातलात तरी दिवा लागणार.

मग सेन्सरचं टोक. चुंबक असल्यामुळे ब्रेकची लोखंडी भुकटी त्याला येऊन चिकटते, टोकाला काळी मिशी फुटलेली दिसते. पुसून टाका. पण खरं बघायचं ते सेन्सर बसतो ते भोक आणि त्याच्या बुडाची जागा. लोखंड गंजलं की फुगतं, आणि त्या फुगलेल्या गंजाचा थर सेन्सरला हळूहळू वर उचलतो. फट साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर असायला हवी, त्यात मिलिमीटरभर गंज आला की संपलं. नवा सेन्सर त्याच गंजावर बसवला तर तो पण तेवढाच लांब बसणार, आणि तुमच्याकडे नेमकं हेच झालं असावं असा माझा अंदाज आहे. तार ब्रश आणि पॉलिश पेपरने बसायची जागा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत साफ करा, कचरा आत रिंगवर पडू देऊ नका, अगदी पातळ ग्रीस लावून सेन्सर बसवा. जुना सेन्सर अडकून बसला असेल तर हातोडी नको, गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा आणि मग थोडं थोडं फिरवून काढा, नाहीतर प्लास्टिक तुटून अर्धा आतच राहतो आणि मग ड्रिल करत बसा.

रिंग सगळी फिरवून बघा, एकही दाता सोडू नका. मोडलेला दाता, दोन दात्यांमध्ये घट्ट बसलेला चिखल, गंजाने जाड झालेले दाते, आणि सगळ्यात फसवं म्हणजे केसासारखी बारीक चीर. चीर गेलेली रिंग शाफ्टवर किंचित उघडते, तिथे दोन दात्यांतलं अंतर बदलतं, आणि प्रत्येक फेरीला सिग्नल एकदा अडखळतो. मागच्या सलग अ‍ॅक्सलवर रिंग बऱ्याचदा आत शाफ्टवर असते, तिथे ऑइल सील गळत असेल तर तेल आणि धुळीचा चिकटा सगळीकडे माखलेला सापडतो. काही जुन्या गाड्यांत मागच्या दोन्ही चाकांना मिळून एकच सेन्सर डिफरन्शियलवर (अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्यावर) असतो, चाकापाशी शोधत बसू नका.

मल्टिमीटर काढा. सेन्सरचा कप्लर सोडवून सेन्सरच्या बाजूने ओहम मोजा, या जुन्या प्रकारच्या सेन्सरला बहुतेक वेळा ८०० ते २५०० च्या मधे काहीतरी येतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये, पण नसेल तर डावं-उजवं ताडून बघा, फार फरक नको. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने सेकंदाला साधारण एक फेरी या वेगाने फिरवा, निदान १०० मिलिव्होल्ट तरी दिसायला हवेत आणि पुन्हा दुसऱ्या बाजूशी तुलना. ओहम बरोबर आणि व्होल्ट कमी म्हणजे सेन्सर ठीक आहे, फट किंवा रिंग वाईट आहे. नंतर मीटर परत ओहमवर लावून वायर हलवायची, विशेषतः चाकाच्या नकलपासून (चाक ज्यावर बसतं तो वळणारा भाग) बॉडीपर्यंतचा तुकडा, कारण स्टिअरिंग वळलं की आणि सस्पेन्शन खाली-वर झालं की तोच वाकतो. बाहेरून रबर धडधाकट दिसतं आणि आत तांबं तुटलेलं असतं, गाडी उभी असताना टोकं एकमेकांना टेकून असतात म्हणून चावी फिरवल्यावर मॉड्यूलला सगळं बरं दिसतं. गाडी उंच करणारं लिफ्ट किट टाकलेलं असेल तर वायर ताणली गेलीय का ते आधी बघा. कप्लरमधल्या पिना हिरव्या पडल्या असतील तर आत पाणी गेलंय, पाण्यातून नेलेल्या गाडीत हे हमखास.

सगळं हे जुन्या, चुंबक-वायरवाल्या सेन्सरबद्दल. नंतरच्या गाड्यांत अ‍ॅक्टिव्ह सेन्सर असतो, त्यालाही दोनच वायरी असू शकतात पण ओहम मोजून काहीच कळत नाही, तिथे इग्निशन चालू ठेवून मॉड्यूलकडून सेन्सरला व्होल्टेज येतंय का ते बघतात. आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांत रिंग वेगळी नसते, बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकाची पट्टी असते, बेअरिंग उलटं बसवलं गेलं की सिग्नल शून्य. बेअरिंगचं काम झाल्यापासून दिवा लागत असेल तर हेच आधी तपासा.

फोर बाय फोर म्हणून वेगळं काय? चारही चाकं एकमेकांना जोडली गेली की निसरड्यावर ती चारही एकदम मंदावू शकतात, मग मॉड्यूलला गाडीचा खरा वेग कळायला आधार राहत नाही. म्हणून बऱ्याच जुन्या फोर बाय फोरमध्ये जी सेन्सर म्हणून एक डबी असते, गाडी खरंच किती मंदावतेय ते ती सांगते. ती बहुतेक वेळा केबिनमध्ये गाडीच्या मध्यावर कुठेतरी बोल्ट केलेली असते, कोणी सीट किंवा कार्पेटचं काम करताना वाकडी लावली किंवा तिच्यात ओल गेली की दिवा लागतो आणि लोक चाकांचे सेन्सर बदलत बसतात. दुसरं म्हणजे ट्रान्सफर केसवरचा स्विच, तो अडकला तर मॉड्यूलला वाटतं गाडी फोर व्हीलमध्ये आहे. आणि काही गाड्यांत डिफरन्शियल लॉक (चाकं एकमेकांना बांधणारं) लावल्यावर एबीएस मुद्दाम बंद होतं, टोयोटाच्या ८० सिरीज लँड क्रूझरमध्ये सेंटर डिफ लॉक केलं की एबीएसचा दिवा लागतो, तो बिघाड नाहीच. टायर चारही एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले आहेत ना, हेही बघून घ्या.

बॅटरीचं थोडक्यात: इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.५ च्या आसपास व्होल्ट हवेत, अल्टरनेटर रडत असेल तर एबीएस सगळ्यात आधी कुरकुर करतं.

हे सगळं स्वच्छ निघालं तरच मॉड्यूल. तेव्हासुद्धा आधी त्याचा मोठा कप्लर काढून पिना बघा, चाकाच्या सेन्सरचे ओहम तिथूनही मोजा (इग्निशन बंद ठेवून), चाकापाशी बरोबर आणि इथे चूक म्हणजे मधली वायर गेलीय. खरंच आतून गेलं असेल तर बऱ्याच मॉड्यूलचा इलेक्ट्रॉनिक भाग हायड्रॉलिक ब्लॉकपासून स्क्रू काढून वेगळा होतो आणि आतला सुटलेला सोल्डर परत करता येतो, ब्रेकचे पाइप उघडावे लागत नाहीत. पाइप उघडले तर मात्र ब्लॉकमध्ये अडकलेली हवा काढायला पुष्कळ गाड्यांत स्कॅनरने पंप चालवावा लागतो, ते घरी करू नका.

तोवर गाडी चालवताना एबीएस नाहीच असं समजा. नुसता पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, जोरात दाबले की चाकं लॉक होणार एवढंच. पण त्याच्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर चालवू नका, फ्लुइड कमी झालेलं असू शकतं किंवा मागच्या चाकांचं प्रेशर आवरणारं ईबीडी बंद पडलेलं असू शकतं, आणि मग मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होऊन गाडी फिरते.

काम झाल्यावर कोड पुसा आणि दिवा लगेच विझला नाही म्हणून घाबरू नका. काही गाड्या चारही चाकांचा सिग्नल प्रत्यक्ष बघितल्याशिवाय दिवा सोडत नाहीत, २०-३० च्या वेगाने थोडं सरळ चालवा आणि मग ठरवा.