शेवट आधी वाच, मग पुस्तक घे

प्रश्न असा आहे: "ऐरोलीत राहते, बारावीत आहे. दोन मुली किंवा दोन मुलगे प्रेमात पडतात अशी इंग्रजी वायए फँटसी वाचायचीय. सुरुवात कुठून करू? जोडीतलं कोणी मरत नाही असं सुचवा. आणि ठाण्यात कुठे मिळतील?"

बारावीत आहेस म्हणून सरळ 'तू' म्हणते. वायए म्हणजे 'यंग अ‍ॅडल्ट', किशोरवयीनांसाठीचं लेखन.

असं काही विचारलं की जो तो 'द साँग ऑफ अकिलीज' हातात ठेवतो. पुस्तक उत्तमच आहे, पण ते वायए नाही आणि शेवट होमरनेच ठरवून ठेवलाय. जोडीतला पट्रोक्लस मरतो. पोरगी म्हणते कोणी मरायला नको आणि तिला पाठवतात ट्रॉयच्या युद्धावर! आमच्या वाचनकट्ट्यावरच्या एका गृहस्थांचं म्हणणं, रडवलं नाही तर ते वाङ्मय कसलं. शेवटचं पान आधी उघडणं त्यांच्या लेखी चोरीच. मुलगा-मुलगीची फँटसी वाचताना हे तत्त्व परवडतं, कारण ती दोघं जगणार हे गृहीतच असतं. दोन मुली किंवा दोन मुलगे अशा जोडीतल्या एकाला मारायची किंवा परगावी पाठवायची खोड मात्र लेखकांना फार जुनी आहे. धाकधूक घेऊन वाचलं की फक्त 'आता मरेल का' एवढंच दिसतं, लिहिलंय कसं ते दिसतच नाही. म्हणून शेवट आधी बघायचा.

दुकानात उभ्या उभ्या दहा मिनिटं लागतात. समज, पुस्तक चारशे पानांचं आहे. मलपृष्ठावरचा मजकूर सोड, प्रेमाबद्दल तिथे बहुतेकदा गुळमुळीतच लिहिलेलं असतं. पहिली काही पानं चाळ. हल्ली बऱ्याच पुस्तकांत आत काय काय भयंकर आहे याची सूचना असते. 'गर्ल्स ऑफ पेपर अँड फायर' (२०१८) मुखपृष्ठावरून गोड वाटतं, आत राजासाठी महालात आणलेल्या मुली आणि लैंगिक अत्याचार आहे. दोन मुलींचं प्रेमही आहे, छान लिहिलेलं, पण सूचना वाचून मग ठरव. त्यानंतर तीनशेव्या पानाच्या आसपास उघड. भांडण, दगा, ताटातूट, जे व्हायचं ते साधारण तिथे होतं. तिथून पुढे वीस-तीस पानं जोडीतलं एक नाव गायब असेल तर सावध हो. मग शेवटचं प्रकरण आणि असेल तर उपसंहार. दोघं तिथे बोलतायत, की एक नुसतं आठवणीत आहे? मालिका असेल तर पहिल्या भागाचा शेवट बघून काही कळत नाही, शेवटच्या भागाचा बघ. ई-बुकच्या फुकट सॅम्पलमध्ये फक्त सुरुवात येते, त्यामुळे ही तपासणी कागदावरच जमते.

ही युक्ती फसते ती भुतांच्या गोष्टीत, आणि नेमकी तीच तुला पहिली सुचवतेय. 'सेमेटरी बॉइज' (२०२०). नायक यादरिएल ट्रान्स मुलगा आहे, म्हणजे जन्मापासून सगळ्यांनी मुलगी मानलेला मुलगा. त्याच्या घराण्यात बायकांची जादू बरं करते आणि पुरुषांची जादू भुतांना मुक्ती देते. आपण 'ब्रुहो' (स्पॅनिशमध्ये जादू करणारा) आहोत, 'ब्रुहा' (जादू करणारी) नाही, हे सिद्ध करायला तो एक भूत बोलावतो, तर भलतंच येतं आणि जाता जात नाही. प्रेम त्याच भुतावर. म्हणजे जोडीतला एक सुरुवातीपासून मेलेलाच, मधलं पान उघडशील तर घाबरशील. शेवट गोड आहे, ते भूत, म्हणजे ज्युलियन, परत जिवंत होतो. हो, सांगून टाकलं. त्या 'ओ' आणि 'आ'साठी इतका जीव का जाळायचा, हे मराठी माणसाला समजवावं लागत नाही. 'मी गेलो' म्हणायचं की 'मी गेले', हे आपल्याला तोंड उघडताच ठरवावं लागतं.

दुसरं 'कॅरी ऑन' (२०१५). जादूची शाळा, एका खोलीत राहणारे दोन हाडवैरी. त्यातला एक, बाझ, बराच वेळ येतच नाही, तोवर कंटाळून ठेवू नकोस. निवेदक सारखा बदलतो, म्हणून वरचं नाव वाचूनच पुढे जा. दोन मुलींचं हवं तर 'अ‍ॅश' (२००९), सिंड्रेलाचीच गोष्ट, पण नायिका राजपुत्राऐवजी शिकारणीच्या प्रेमात पडते. बारीकसं पुस्तक, संथ. 'सिक्स ऑफ क्रोज'मधली दोन मुलग्यांची जोडी गोड आहे, पण ती सहा जणांतली एक, आणि रंग दुसऱ्या भागात चढतो. त्या भागात सहापैकी एक मरतो, या जोडीतला नाही. 'द रेव्हन बॉइज'पासूनच्या मालिकेत तर चुंबन चौथ्या भागात. मी चारही वाचले, तुला घाई असेल तर नको.

कुठे मिळतील? ऐरोलीहून ठाणं दोन स्टेशनं, मध्ये एकटं दिघा गाव. दुकानात जाऊन वर सांगितलं तसं चाळ. वायएच्या खणात रंगीत चित्रांच्या मुखपृष्ठामुळे मोठ्यांची पुस्तकंही घुसतात. 'कॅप्टिव्ह प्रिन्स' तसंच, गुलामी आणि उघड शृंगार, ते आत्ता राहू दे. रस्त्यावरची पायरेटेड प्रत घेऊ नकोस. पुस्तकातला नकाशा काळा डाग होऊन शिवणीत जातो, कधी नसतोच, आणि फँटसीत कोण कुठून कुठे पळतंय ते तिथेच बघायचं असतं.

घरचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. किंडल घरच्यांच्या खात्यावर असेल तर घेतलेलं पुस्तक त्या खात्याच्या यादीत दिसतं आणि पावतीची मेल खात्याच्या मालकाला जाते. झोपलेल्या पडद्यावर मुखपृष्ठ झळकतं, ते सेटिंगमधून बंद होतं. कागदी प्रतीला खाकी कव्हर घाल. बारावीच्या टेबलावर अजून एक खाकी पुस्तक कोण उघडून बघतंय!

बाकी चोरी-मारामारीच्या गोष्टीत शेवट आधी वाचला तर मजा जाते, एवढं त्या गृहस्थांचं मान्य. 'सिक्स ऑफ क्रोज' तशातलंच. त्याचा शेवट मी सांगितला तेवढाच पुरे, बाकी तूही बघू नकोस.