पन्नास हजारांची दुर्बीण घेऊ का?

नाशिकच्या इंदिरानगरमधून एका आईचं पत्र: 'मुलगी अकरावी सायन्सला आहे. कृष्णविवरं तारे फाडतात, ते शोधायचं म्हणते. पन्नास हजारांची दुर्बीण घेऊन द्यावी का? बायफोकलला कॉम्प्युटर सायन्स घेतल्यामुळे बायोलॉजी सुटलंय. त्याने काही अडेल का?'

ताई, दुर्बीण राहू द्या, त्या पैशात लॅपटॉप घ्या. तारा फाटण्याची घटना, म्हणजे टीडीई, एका दीर्घिकेत साधारण दहा हजार ते लाख वर्षांत एकदा होते. म्हणून लाखो दीर्घिकांचे फोटो पुन्हा पुन्हा काढून नव्यातून जुना वजा करतात. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेचा झेडटीएफ सर्व्हे २०१८पासून हेच करतोय आणि त्याचे अलर्ट, म्हणजे आकाशात बदल दिसल्याच्या सूचना, कोणालाही पाहता येतात. अवघड असतं ते त्यांतून टीडीई निवडणं.

तिला हे करू द्या. आकाशात नव्याने चमकलेल्या गोष्टींच्या टीएनएस या यादीत एटी २०१९क्यूआयझेड हा टीडीई शोधून त्याचा झेडटीएफ क्रमांक घ्यायचा, झेडटीएफचे अलर्ट दाखवणाऱ्या अलेर्से या साइटवर टाकायचा, मोजमापं उतरवून पायथॉनमध्ये जी (हिरवा फिल्टर) वजा आर (लाल फिल्टर) अशा रंगाचा आलेख काढायचा. मग एखाद्या टाइप वन-ए सुपरनोव्हाचा, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचा, तसाच आलेख. सुपरनोव्हा कमाल तेजानंतर तीन-चार आठवड्यांत लालसर होतो. टीडीईचा वायू वीस-तीस हजार अंशांवर तापलेलाच राहतो, म्हणून तो महिनोन्‌महिने निळा दिसतो.

चूक हमखास होते ती इथे: जी आणि आर एकाच क्षणी मोजलेले नसतात. दोन-तीन दिवसांच्या आतल्याच जोड्या घ्याव्यात, नाहीतर रंग खोटा येतो. फोटो नीट जुळले नाहीत तर दीर्घिकेच्या गाभ्यात वजाबाकीचा डाग उरतो. आणि मुळातच सक्रिय असलेला, म्हणजे ज्यातलं कृष्णविवर आधीपासूनच वायू गिळतंय असा गाभाही असाच चमकतो, त्यामुळे आधीच्या वर्षांची मोजमापं पाहायचीच. तरीही शिक्कामोर्तब वर्णपटच करतो.

बायफोकल बदलू नका. आयसर या विज्ञान संस्थांच्या आयएटी या प्रवेश परीक्षेत ६०पैकी १५ प्रश्न बायोलॉजीचे असतात, तेवढ्यासाठी एनसीईआरटीची पुस्तकं घरी वाचावी लागतील. आयसर हुकलं तर नाशिकमध्येच फिजिक्समध्ये बीएस्सी, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी. इंजिनिअरिंगचा वळसा मी सुचवणार नाही, गणित-संख्याशास्त्र पक्कं हवं.

काही टीडीई उशिरा रेडिओ लहरी सोडतात. एटी २०१८एचवायझेडने अडीच वर्षांहून जास्त वेळ घेतला. रेडिओ दुर्बीण पाहायची तर पुणे रस्त्यावर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांना प्रवेश असतो. तारीख आधी विचारून घ्या.