आधी निमो, डॅमसेल नकोच

प्रश्न : तीन फुटी, साधारण दोनशे लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक घेतला आहे. मीठ, वाळू, दगड घालून आठवडा झाला. दुकानदार म्हणतो, "आधी चार डॅमसेल सोडा, ते मरत नाहीत. महिन्याने बाकीचे आणा." मुलीला निमो आणि डोरी हवेत. सुरुवात कोणत्या माशांनी करावी?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : दुकानदार खोटं बोलत नाही, डॅमसेल खरंच मरत नाहीत. पंचाईत तिथूनच सुरू होते. लोकांच्या घरचे टँक सांभाळणं हा माझा धंदा आहे, आणि "या काळ्याला बाहेर काढून द्या" असा फोन मला नेहमी येतो. काळा म्हणजे डॉमिनो डॅमसेल. दुकानात तो रुपयाच्या नाण्याएवढा असतो, अंगावर तीन पांढरे ठिपके, दिसायला गोड. वाढतो मात्र चौदा सेंटीमीटरपर्यंत आणि अख्खा टँक आपल्या नावावर करून घेतो. नंतर आणलेल्या माशाला तो कोपऱ्यात दाबून धरतो, खाऊ देत नाही, शेपटी कुरतडतो. त्याला पकडायचं तर सगळे दगड बाहेर काढावे लागतात, म्हणजे बसवलेला टँक पुन्हा मोडायचा. तीन पट्ट्यांचा डॅमसेलही त्याच माळेचा मणी.

टँक 'सायकल' करायला, म्हणजे त्यात घाण पचवणारे जिवाणू वाढवायला, आत मासा घालायची गरजच नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू दगड-वाळूत पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. समुद्री पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि पीएच जितका चढा तितका अमोनिया जास्त जहाल. त्यात डॅमसेल तगतो तो कल्ले भाजून घेऊन. त्यापेक्षा कच्च्या कोळंबीचा एक तुकडा जाळीच्या पिशवीत घालून टँकमध्ये टांगा आणि सडू द्या. वास येईल, घरचे बोलतील, बोलू द्यात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट चढून पुन्हा शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं की अर्धं पाणी बदला. त्यानंतरच मासा.

पहिला मासा तुमच्या मुलीने बरोबर निवडलाय. निमो, म्हणजे ऑसेलारिस क्लाउनफिश, हासुद्धा डॅमसेलच्याच कुळातला. त्यामुळे चिवटपणा आहे, पण दादागिरी बेताची. मोठा झाल्यावर काच पुसताना हाताला चावेल, तेवढं चालवून घ्या. फक्त हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, जन्मलेलाच घ्या. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे, त्यामुळे असे मासे मिळतात. समुद्रातून पकडलेल्या निमोच्या अंगावर पुष्कळदा पांढरट बुळबुळीत थर येतो आणि दोन-तीन दिवसांत मासा मरतो. हॅचरीतला लहानपणापासून कोरडे दाणे खात आलेला असतो. दुकानदाराला समोर दाणे टाकायला लावा. जो झडप घालून खातो तो घ्या. जो वरच्या कोपऱ्यात भराभर श्वास घेतोय तो अर्ध्या किमतीतही नको.

दोन घ्या, दोन्ही लहान, पण एक जरा मोठा. सगळे निमो आधी नर असतात, त्यांतला वरचढ पुढे मादी होतो, त्यामुळे जोडी आपोआप जमते. मरून क्लाउन दाखवला तर नको म्हणा, तो भांडकुदळ. अॅनिमोनही, म्हणजे समुद्रात निमो ज्याच्या आसऱ्याने राहतो तो जीव, आत्ता नको. निमोला त्याच्यावाचून काही अडत नाही, आणि नव्या टँकमध्ये अॅनिमोन कुजला तर सगळं पाणी नासवतो.

तीन-चार आठवड्यांनी पजामा कार्डिनल किंवा बांगाई कार्डिनल आणा. शांत मासे, एका जागी तरंगत राहतात, रात्री जास्त हिंडतात. बांगाई मूळचा इंडोनेशियातल्या बांगाई बेटांचा आणि तिथे त्याची संख्या घटली आहे, म्हणून तोही पैदाशीचाच मागा. त्याचा नर अंडी तोंडात धरून उबवतो आणि तेवढे दिवस उपाशी राहतो. मुलीला हे दाखवा, डोरीचा विषय जरा मागे पडेल. फायरफिशही चालेल, पण टँकवर जाळी बसवल्यावरच. तो उड्या मारतो आणि सकाळी फरशीवर सापडतो.

डोरी, म्हणजे ब्लू टँग, नाही. पंचवीस-तीस सेंटीमीटर वाढणारा, सतत पोहणारा मासा तीन फुटांत ठेवू नये. शिवाय अंगावर पांढरे ठिपके पाडणारा रोग आधी त्यालाच धरतो. मँडरिन माशाच्या रंगांनाही भुलू नका. बारीक जिवंत जीवांशिवाय बहुतेक मँडरिन काही खात नाहीत आणि झिजून मरतात.

आता नागपूरचं. मे महिन्यात चिलर, म्हणजे पाणी गार ठेवणारं यंत्र, नसेल तर पाणी बत्तीस अंशांच्या वर जाईल. हवंय पंचवीस ते सत्तावीस. पंख्याने दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी उडतं आणि मीठ मागे उरतं. म्हणून भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. लाइट जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा हवेचा पंप हवाच.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने मासे मागवणार असाल तर दुकानातल्या पाण्याची क्षारता आधी विचारा. मीठ वाचवायला बरेच जण ती (विशिष्ट घनतेच्या मापात) १.०१८ ते १.०२० ठेवतात, तुमच्याकडे १.०२५ असेल. मासे येण्याआधी आपलं पाणी त्यांच्या पातळीला आणा, नंतर आठवडाभरात हळूहळू चढवा. पिशवी उघडल्यावर तिच्यात तासभर टँकचं पाणी थेंब-थेंब सोडत बसू नका. बंद पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो म्हणून तो फार बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. पिशवी बंद ठेवून टँकमध्ये तरंगत ठेवा, तापमान जुळलं की मासा जाळीने काढून आत सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत.

प्रश्न : समुद्र घरापासून दहा मिनिटांवर आहे. पाणी आणि दगड तिथूनच आणले तर?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पाणी आणता येतं, पण बंदरापासून, बोटींच्या डिझेलपासून आणि खाडीच्या तोंडापासून लांबचं. पावसाळ्यात नकोच, नद्यांच्या पाण्याने क्षारता पडलेली असते. दगडांचं मात्र जपून. प्रवाळाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. प्रवाळाचा तुकडा, मेलेला का असेना, घरी आणू नका. सिरॅमिकचे सच्छिद्र दगड विकत मिळतात. जिवाणू त्यांच्यावरही तितकेच बसतात, वेळ थोडा जास्त लागतो इतकंच.